क्वाड बाइकचं हँडल पुन्हा पुन्हा ढिलं होतंय? कंपनीचा पार्ट घ्यावा की बाहेरचा

गाडी सरळ ठेवायला हँडल जरा डावीकडे दाबून धरावं लागतं. हँडल बोटभर हललं तरी चाक जागचं हलत नाही. बांधावरून उतरताना मनगटाला झटका बसतो. पार्ट बदलला की महिना-दीड महिना गाडी नव्यासारखी चालते, मग परत तेच. ही लक्षणं ओळखीची असतील तर पुढचं सविस्तर वाचा, कारण मी यात एक अख्खं वर्ष आणि बरेच पैसे घातले आहेत.

आमची अंबड तालुक्यात बारा एकर मोसंबी, बाकी रानात कापूस आणि तूर. क्वाड, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली चार चाकांची गाडी, सेकंडहँड घेतलेली. मागच्या कॅरियरवर फवारणीची टाकी, पुढच्या कॅरियरवर बॅटरी, पंप आणि पाइपाचं भेंडोळं. एका वर्षात मी टाय रॉडचे, म्हणजे हँडलचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे, बॉल जॉइंट (टोकाचे फिरते सांधे) तीनदा बदलले. पहिल्यांदा कंपनीचे, दुसऱ्यांदा ऑनलाइन मागवलेले स्वस्त, तिसऱ्यांदा जाडजूड ‘हेवी ड्युटी’ सेट. तिन्ही वेळा दुखणं परत आलं. तेव्हा कळलं की कंपनीचा की बाहेरचा, हा निर्णय सगळ्या स्टिअरिंगसाठी एकदाच घेता येत नाही. एकेका पार्टचं उत्तर वेगळं आहे. आणि आपल्या काळ्या मातीत लोखंड किती जाड आहे यापेक्षा जॉइंटवरचा रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारी टोपी, किती दिवस शाबूत राहते, यावर जास्त अवलंबून आहे.

पाना हातात घ्यायच्या आधी हवा बघा

क्वाडच्या टायरला हवा फार कमी लागते, बहुतेक गाड्यांना ५ ते ७ पीएसआयच्या आसपास. नक्की आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पंक्चरवाला सवयीने मोटरसायकलसारखी २५-३० भरून देतो. मग टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक ढेकळाचा धक्का टायरमध्ये न जिरता थेट बॉल जॉइंटवर जातो. साध्या मीटरवर ५ पीएसआय नीट वाचता येत नाही, त्यासाठी कमी दाबाचं मीटर वेगळं मिळतं, ते घरी असू द्या. पुढच्या दोन टायरांत एक-दीड पीएसआयचा फरक पडला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते, आणि आपण टाय रॉडला दोष देत बसतो.

आणखी एक. फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असताना हँडल जड लागणं आणि थोडे झटके देणं हे बऱ्याच गाड्यांत साहजिक आहे. तपासणी टू व्हीलवर करा.

ढिलाई नेमकी कुठे आहे

क्वाडचं स्टिअरिंग तसं साधं असतं. हँडलखाली एक उभा दांडा, त्याला आपले मिस्त्री स्टेम म्हणतात. वर तो बुशमध्ये धरलेला, खाली बेअरिंगमध्ये बसलेला. दांड्याच्या खालच्या टोकाला एक छोटी पट्टी, तिच्यातून दोन बाजूंना दोन टाय रॉड निघतात. प्रत्येक रॉडला आत एक आणि बाहेर एक असे दोन बॉल जॉइंट, म्हणजे एकूण चार. बाहेरचे जॉइंट नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या तुकड्याच्या, कानात बसतात आणि नकल चाकाला वळवतं. शिवाय नकलला वर-खाली फ्रेमशी धरणाऱ्या आर्मचे बॉल जॉइंट वेगळे, आणि हबचं, म्हणजे चाकाच्या मध्याचं, बेअरिंगही वेगळं. यातलं काहीही झिजलं तरी हँडलवर कळतं ते एकच: गाडी ढिली झाली.

जालन्याच्या एका जुन्या ट्रॅक्टर मिस्त्रीने मला अंगठ्याची खूण शिकवली. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. एकाने हँडल डावी-उजवीकडे थोडं थोडं पण पटापट हलवायचं, चाक वळू द्यायचं नाही. दुसऱ्याने खाली आडवं होऊन अंगठा असा ठेवायचा की अर्धा जॉइंटच्या कवचावर आणि अर्धा नकलच्या कानावर येईल. चांगल्या जॉइंटमध्ये दोन्ही बाजू एकदमच हलतात. झिजलेल्यात अंगठ्याच्या मधोमध बारीक ‘टक’ लागतं, डोळ्यांना काही दिसायच्या कितीतरी आधी. चारही जॉइंट असे हाताने वाचा. माझ्या गाडीत बाहेरचे दोन्ही चांगले होते आणि आतला उजवा गेलेला होता. त्याआधी दोनदा मी बाहेरचेच बदलले होते, कारण ते समोर दिसतात आणि तिथे पाना सहज बसतो.

मग पुढचा भाग फ्रेमखाली जॅक लावून उचला. चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. ढिलाई असेल तर टाय रॉडकडे किंवा स्टेमकडे बघा. मग वरून-खालून धरून हलवा. इथे ढिलाई लागली तर आर्मचा बॉल जॉइंट किंवा हबचं बेअरिंग. दोन्हींतलं कोणतं हे ओळखायला दुसऱ्याला पुढचा डिस्क ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गायब झाली तर हबचं बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट.

शेवटी हँडल दोन्ही हातांनी सरळ वर ओढा आणि खाली दाबा. दांडा वर-खाली सरकत असेल तर खालचं बेअरिंग गेलंय. पुढे-मागे खडखडत असेल तर वरचं बुश. माझ्या गाडीत हे बेअरिंगच गंजून खलास झालं होतं, आणि ते तसंच ठेवून मी वर नवे जॉइंट चढवत होतो. स्टेम खाली डुलत असेल तर आतल्या जॉइंटना तिरका मार बसत राहतो. मग ते कंपनीचे असोत की परदेशी, टिकणार कसे?

पुन्हा पुन्हा का जातं

याचं आमच्याकडचं पहिलं कारण पऱ्हाट्या. कापूस काढून पऱ्हाटी कापली की जमिनीतून वीतभर टोकदार खुंट उभे राहतात. तुरीचे तर त्याहून कडक. क्वाडचे बॉल जॉइंट बरोबर त्या उंचीवर. खुंट बुटात घुसतो, रबर फाटतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. जॉइंटमधलं ग्रीस उन्हाने पातळ होऊन बाहेर येतं, त्यावर मुरमाची धूळ बसते, आणि ग्रीस व धूळ मिळून घासकागदासारखं काम करतात. पावसाळ्यात तिथे काळी चिकण भरते, वाळल्यावर दगड होते आणि बूट आतून ताणून फाडते.

दुसरं कारण फवारणी. मोसंबीवर आपण बोर्डो मिश्रण मारतो. त्यातलं मोरचूद लोखंडाला खातं आणि अॅल्युमिनियमला तर फारच लवकर खातं. फवारून आल्यावर गाडी तशीच शेडमध्ये उभी राहिली तर रॉडच्या आट्यांवर हिरवट-पांढरा थर धरतो. धुवायची ती साध्या पाइपाने. प्रेशर पंपाचा फवारा बुटावर किंवा स्टेमच्या खालच्या बेअरिंगवर धरला की पाणी सीलच्या आत शिरतं. माझं बेअरिंग त्यानेच गेलं असावं, कारण मी दर रविवारी मोठ्या मायेने तिथेच फवारा मारायचो.

तिसरं, पुढच्या कॅरियरवरचं वजन. त्याची मर्यादा मागच्यापेक्षा बरीच कमी असते आणि ती कॅरियरवरच लिहिलेली असते. पाण्याने भरलेले दोन कॅन पुढे ठेवले की मर्यादा संपली म्हणून समजा. उन्हाळ्यात रानाला भेगा पडल्या की पुढचं चाक भेगेत आपटतं, त्यात वरून हे वजन. मोठे टायर, बाहेर निघालेले रिम किंवा उंची वाढवायचे किट लावलं असेल तर जॉइंटवरचा ताण आणखी वाढतो. उंची वाढली की टाय रॉड तिरका होतो आणि जॉइंट आपल्या टोकाच्या कोनात काम करत राहतो. अशा गाडीत कितीही भारी जॉइंट घातला तरी त्याला आयुष्य कमीच.

आता निवड: कुठे कंपनीचं, कुठे बाहेरचं

*टाय रॉडची कांडी.* इथे माझं मत ठाम आहे: कंपनीची घ्या. तिसऱ्या वेळी मी जो हेवी ड्युटी सेट घेतला त्यात बोटापेक्षा जाड अॅल्युमिनियमची षटकोनी कांडी होती. विकणारा म्हणाला, आता जन्मभर वाकणार नाही. ते खरं निघालं. पुतण्या बांधावरून उतरत होता, डावं चाक काळ्या दगडावर आदळलं. कांडी जशीच्या तशी राहिली, पण नकलचा कान तडकला आणि स्टेमच्या खालची पट्टी पिळली. दोन्ही चाकं दोन दिशांना. वेग कमी होता म्हणून पोराला काही झालं नाही. मिस्त्रीने कांडी हातात फिरवून बघितली आणि म्हणाला, “भाऊ, ही वाकायलाच पाहिजे होती. ही नाही वाकली म्हणून तर नकल गेलं.” कंपनीची कांडी घरातल्या फ्यूजसारखी आहे. ती वाकते, आपण दुसरी घालतो, काम तासाभराचं. नकल आणि स्टेम मागवायला मला तीन आठवडे लागले, तेही ऐन फवारणीत.

शर्यतीची किंवा फक्त टेकड्यांवर पळवायची गाडी असेल तर क्रोमोली पोलादाची, म्हणजे ४१३० प्रतीची कांडी चालते, पण तिच्याबरोबर नकल आणि आर्मही तशाच ताकदीचे लागतात. नुसती साखळीतली एक कडी मजबूत केली तर तुटणारी जागा फक्त पुढे सरकते. अॅल्युमिनियमची कांडी शेतात मला तरी नको. ती वाकून इशारा देण्यापेक्षा तुटण्याची भीती जास्त, आणि बोर्डोमुळे तिचे आटे स्टीलच्या जॉइंटशी असे जाम होतात की टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांची एकमेकांशी दिशा, सेट करायला गेलं तर पिळून निघतात.

लेथवर कांडी बनवून घेण्याचा मोह होतो. जालना सळयांचं गाव, लोखंडाला तोटा नाही, आणि लेथवाले कसबी आहेत. पण टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात, म्हणून कांडी जागेवर फिरवली की लांबी कमी-जास्त होते. उलट्या आट्यांचा टॅप बऱ्याच लेथवर नसतो. मग दोन्हीकडे उजवेच आटे पाडून देतात आणि ती कांडी गाडीवर असताना सेटच करता येत नाही. शिवाय सळईचं लोखंड कुठल्या प्रतीचं हे कोणालाच सांगता येत नाही. घरी पोचण्यापुरती ठीक, त्यापुढे नाही.

*टाय रॉडचे बॉल जॉइंट.* इथे बाहेरचा चांगल्या कंपनीचा किट घ्यायला हरकत नाही. ऑल बॉल्ससारख्या कंपन्या गाडीच्या मॉडेलनुसार चेक नट (जॉइंट जागेवर पक्का धरणारा), कॅसल नट (खाचांचा) आणि त्या खाचेतून जाणाऱ्या स्प्लिट पिनसकट किट विकतात आणि तो कंपनीच्या पार्टइतका चालतो. अट एकच: बूट हवा. शर्यतीच्या सेटमध्ये उघडे गोल जॉइंट येतात, ज्यांना हाइम म्हणतात. ते दिसायला देखणे आणि नवे असताना हँडल अगदी काटेकोर चालवतात. पण त्यांच्यावर बूट नसतो. आपल्या मुरमात आणि चिखलात ते एका हंगामात खडखडू लागतात, माझे दोन महिन्यांतच लागले. म्हैसमाळ-वेरूळकडे पर्यटकांना गाड्या फिरवणाऱ्यांनाही हेच सांगेन. तिथली धूळ आमच्यापेक्षा कमी नाही.

स्वस्त जॉइंट ओळखायला हातात घेऊन पिन फिरवून बघा. नवा जॉइंट जोर लावल्यावर सावकाश वळला पाहिजे. लोंबकळत असेल तर आत ग्रीसही नाही आणि मापही नाही. बुटाला चिमटा काढा. पातळ, चकचकीत, दाबल्यावर सुरकुती राहणारं रबर दुसरा उन्हाळा बघत नाही.

*स्टेम, नकल, आर्म.* कंपनीचेच. किंमत टोचते, पण हे तुटलं तर गाडी हातात राहत नाही. वाकलेला स्टेम तापवून सरळ करणं, तडकलेल्या नकलला वेल्डिंग करणं, हे कोणी कितीही विश्वासाने सांगितलं तरी करू नका. जुन्या गाडीतून काढलेला पार्ट मिळत असेल तर तोही चालेल, फक्त कान आणि टेपर, म्हणजे जॉइंटची पिन बसते ते निमुळतं भोक, नीट तपासून.

*बेअरिंग.* इथे कंपनीचंच हवं असा हट्ट नको. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. तोच नंबर नामांकित बेअरिंग कंपनीचा घ्या. फक्त नंबरानंतरची अक्षरं बघा. ‘टू-आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याची झाकणं. दुकानदार हाताला येईल ते देतो. चिखलासाठी टू-आरएसच. काही मॉडेलना मात्र बेअरिंग स्टेमच्या खास हाउसिंगमध्ये येतं, तिथे पर्याय नाही.

*स्टेमचं वरचं बुश.* हे लेथवर छान होतं. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून त्या भागात मायक्रोमीटर जवळ ठेवून काम करणारी कितीतरी छोटी वर्कशॉपं उभी राहिली आहेत. जुनं बुश आणि दांड्याचं माप दोन्ही घेऊन जा, चांगल्या नायलॉनचं किंवा डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकचं करून घ्या. माझं तिथेच केलेलं बुश अजून गच्च आहे.

*हँडलबार.* हवा तो लावा. बहुतेक क्वाडना मोटरसायकलसारखाच २२ मिलिमीटरचा बार असतो. फक्त उंच बार लावल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा, ब्रेकचा पाइप आणि ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात नाही ना.

स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलचे झटके जिरवणारा दट्ट्या, बसवून थरथर घालवायचा सल्ला मिळेल. ढिलाई तशीच ठेवून डॅम्पर लावला तर हाताला कळणारा इशारा तेवढा बंद होतो. आधी ढिलाई काढा.

बाहेरचा पार्ट बसवायच्या आधी

माझ्या गाडीच्या जॉइंटचे आटे १० मिलिमीटर जाडीचे, १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये) आहेत. हार्डवेअरच्या दुकानात १० मिलिमीटरचा साधा नट १.५ पिचचा मिळतो. दोन-तीन आटे जातो, मग अडतो, आणि आपण पान्याने रेटतो. तिथेच आटे जातात. पिच गेज नसेल तर जुन्या जॉइंटचे आटे नव्याच्या आट्यांत उजेडात धरून बघा. मध्ये फट दिसली तर माप वेगळं आहे.

पिनचा निमुळता भाग नकलच्या भोकात पूर्ण टेकला पाहिजे. तपासायला मार्करने पिनवर उभ्या चार रेघा ओढा, पिन भोकात घालून दाबा, थोडी फिरवा आणि काढा. रेघा वरपासून खालपर्यंत पुसल्या असतील तर टेपर जुळतो. नुसती वरची किंवा खालची कड पुसली असेल तर तो जॉइंट परत करा. तसाच आवळला तर तो नकलचं भोक अंडाकृती करतो आणि मग कुठलाच जॉइंट तिथे घट्ट बसत नाही.

जुनी कांडी वाकली आहे का हे डोळ्याने कळत नाही. शहाबादी फरशीवर लोटून बघा. सरळ कांडी एका सुरात घरंगळते, वाकडी उड्या मारते आणि खाली उजेडाची फट उघड-मिट होते.

कॅसल नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून कधीच नाही. स्प्लिट पिन दरवेळी नवी.

मग टो. दोन्ही टाय रॉडची लांबी सारखी ठेवून हँडल सरळ बांधा. गाडीवर माणूस बसवा, नाहीतर तेवढं वजन ठेवा. दोन्ही पुढच्या टायरांवर समोर, हबच्या उंचीला, मधोमध खडूची खूण करा आणि अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला म्हणजे त्याच खुणा मागे येतील, पुन्हा मोजा. काही गाड्यांना पुढचं अंतर थोडं कमी लागतं, काहींना थोडं जास्त. फरक बहुधा काही मिलिमीटरचाच असतो, आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या. चेक नट आवळताना दोन्ही जॉइंट एकाच पातळीत धरा, नाहीतर एक जॉइंट आधीच कलून बसतो. शेवटी चाकं हवेत लोंबत असताना आणि जमिनीवर असताना, दोन्ही वेळा हँडल टोकापर्यंत वळवून कुठे अडतंय का बघा.

चौथ्या वेळी मी असं केलं: कंपनीच्या कांड्या, बूट असलेला बाहेरचा किट, टू-आरएस बेअरिंग, लेथचं बुश. पुढच्या कॅरियरवरची बॅटरी मागे नेली. आणि ट्रकच्या जुन्या मडफ्लॅपचे दोन तुकडे कापून आर्मला बोल्टने असे लावले की खुंट आधी त्यांच्यावर आपटेल. कापताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून जागा बघावी लागली, पहिला तुकडा टाय रॉडला घासत होता.

दसऱ्याच्या सुमारास हे काम झालं. पऱ्हाट्यांचा हंगाम त्यातच निघाला आणि जॉइंट अजून अंगठ्याखाली एकसंध लागतात. परवा धुताना उजव्या आतल्या बुटाला नखाएवढी चीर दिसली. जॉइंट घट्ट आहे, म्हणून फक्त बूट मागवलाय. तो येईपर्यंत चिरेवर ग्रीस भरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवली आहे.